‘उष्णता पडली’ म्हणून रोजची आंघोळ? शेरू आणि मनीच्या खाजेविषयी

‘आमच्या घरी शेरू हा चार वर्षांचा लॅब्रॉडॉर आणि मनी ही अडीच वर्षांची पांढरी मांजर आहे. पाडव्यानंतर ऊन वाढले तशी शेरूला खाज सुरू झाली. शेपटीच्या बुडाशी तो स्वतःला चावत राहतो, पोटावर घामोळ्यासारखे पुरळ आहे आणि परवापासून उजव्या गालावर ओला, लाल, वास येणारा चट्टा उमटला आहे. उष्णता पडली असावी म्हणून मी त्याला रोज आंघोळ घालते, खोबरेल तेलात कापूर घालून लावते, ताक आणि सब्जा देते. शेजारणीच्या सांगण्यावरून चिकन बंद करून दूध-पोळी सुरू केली आहे. दुकानातून आणलेले खाजेचे मलमही लावले. दुपारी तो कूलरसमोर ओल्या गोणपाटावर झोपतो. त्याचे केस पूर्ण कापून टाकावेत का? गुरांना देतात ती सुई एकदा दिली की सगळे जाते, असे एकजण म्हणाले; पण शेरूला पिल्लू असताना एकदा झटका आला होता, म्हणून मन धजत नाही. मनीच्या पाठीवरून हात फिरवला की खरखरीत लागते, तिच्या पोटावरचे केस विरळ झाले आहेत आणि कानांची टोके लाल दिसतात. शेरूच्या मानेवर टाकायच्या औषधाची अर्धी नळी उरली आहे, ती मनीला वापरली तर चालेल का? धाकट्या मुलाच्या दंडावरही एक गोल चट्टा उठला आहे. मनीला काही दिवस माहेरी पाठवून द्यावे का?’ – एक वाचक, अकोला

सप्रेम नमस्कार.

आपल्या अनेक प्रश्नांपैकी एकाचे उत्तर मी सर्वांच्या आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला वेळ मिळेलच असे नाही. शेरूच्या नळीतले उरलेले औषध मनीला टाकू नका, एक थेंबही नाही. कुत्र्यांच्या मानेवर टाकण्याच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. कुत्र्याचे यकृत त्याचे विघटन करून ते शरीराबाहेर टाकते. मांजराच्या यकृतात मात्र त्यासाठी लागणारी विकरांची यंत्रणा अपुरी असते आणि त्यामुळे कुत्र्याला सहज सोसणारी मात्रा मांजराच्या मज्जासंस्थेवर घाला घालते. काही तासांतच कान आणि पाठीची कातडी थरथरू लागते, चाल अडखळते, लाळ गळते आणि पुढे झटके सुरू होतात. कित्येक वर्षांपूर्वी माझ्याकडे टॉवेलात गुंडाळून आणलेली एक मांजर मला आजही आठवते. घरच्यांनी केवळ काटकसर म्हणून अर्धी नळी तिच्या मानेवर रिकामी केली होती. दोन दिवस गुंगीच्या औषधाखाली ठेवल्यावर ती वाचली, पण प्रत्येक मांजर वाचत नाही.

असे कधी चुकून घडलेच, तर कोमट पाण्यात भांडी घासण्याचे सौम्य द्रावण घालून मांजराची मान आणि पाठ धुवावी, अंग लगेच पुसून तिला गुंडाळावे आणि थेट दवाखाना गाठावा. पाणी गरम नसावे, कारण त्याने त्वचेचा रक्तपुरवठा वाढून औषध अधिक शोषले जाते, आणि बर्फासारखे गारही नसावे. दूध, तूप किंवा मीठ-पाणी पाजण्यात वेळ घालवू नये. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: कुत्र्याला असे औषध टाकल्यावर मांजर त्याला अंग घासते, त्याची मान चाटते किंवा त्याच्या अंथरुणात झोपते, आणि तेवढ्यानेही तिला विषबाधा होऊ शकते. शेरूला ते औषध गेल्या दोन-तीन दिवसांत टाकले असेल, तर आजपासून तीन दिवस मनीला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

आता आपल्या पत्राच्या मुळाशी असलेल्या समजुतीकडे वळतो. ‘उष्णता पडली’ हे आपल्याकडचे सर्वसमावेशक निदान आहे; तोंड आले, डोळे चुरचुरले, फोड उठले, नाक फुटले, सगळ्यांचे कारण एकच आणि उपायही एकच, तो म्हणजे काहीतरी थंड. माणसाच्या बाबतीत त्यात किती तथ्य आहे हे वैद्यांनी सांगावे. पण कुत्र्या-मांजरांच्या उन्हाळी खाजेच्या बाबतीत या शब्दाने होणारे नुकसान मी दर एप्रिल-मेमध्ये पाहतो, कारण त्यामुळे लक्ष खऱ्या कारणावरून उडते आणि त्वचा सतत ओली ठेवणारे उपाय सुरू होतात. कुत्र्याच्या अंगभर माणसासारखा घाम येत नाही, त्याच्या खऱ्या घामाच्या ग्रंथी पंजांच्या गाद्यांपाशी असतात आणि शरीर थंड करण्याचे मुख्य काम धापा टाकण्यातून होते. त्यामुळे कुत्र्याला घामोळे येत नाही. शेरूच्या पोटावर जे आहे ते दुसरे काहीतरी आहे आणि ते काय आहे हे ओळखणे महत्त्वाचे आहे.

त्यासाठी घरी एक साधी तपासणी करता येते. काचेचा पारदर्शक पेला त्या ठिपक्यांवर हलकेच दाबून पाहा. दाबल्यावर लाली फिकी पडली, मधे पांढरट टोक किंवा कडेला सुटणारी पातळ खपली दिसली, तर तो बहुधा त्वचेच्या वरच्या थरातील जीवाणूंचा संसर्ग असतो. त्रासदायक, पण शांतपणे उपचार करण्याजोगा. दाबूनही ठिपके तसेच लालजांभळे राहिले, तर ते त्वचेखालील रक्तस्रावाचे बिंदू असू शकतात, आणि आपल्या भागात अशा बिंदूंनी सर्वप्रथम शंका येते ती गोचिडीच्या तापाची. गोचीड चावल्याने एर्लिकिया नावाचा जंतू रक्तात शिरतो, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका कमी होतात आणि मग पोटावर, हिरड्यांवर असे ठिपके उमटतात, कधी नाकातून रक्त येते. बबेसिया या दुसऱ्या जंतूमुळे हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी काळसर तांबडी होते. यांपैकी काहीही दिसले किंवा शेरू जेवण सोडून कोपऱ्यात पडून राहू लागला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. ठिपके फिके पडले तरी ही तपासणी लांबणीवर टाकावी असे मी म्हणणार नाही. दवाखान्यात जाणारच आहात, तर रक्ताची एक चाचणी करून घेणे बरे.

गालावरचा ओला चट्टा ही या ऋतूत दाट केसांच्या कुत्र्यांमध्ये नेहमी दिसणारी गोष्ट आहे. लॅब्रॉडॉरच्या अंगावर वरचे राठ केस आणि त्याखाली मऊ लोकर असे दोन थर असतात. रोजच्या आंघोळीनंतर वरचे केस तासाभरात वाळतात, आपल्याला वाटते कुत्रा कोरडा झाला; आतली लोकर मात्र कित्येक तास ओलसर राहते. त्यात कूलरची दमट हवा आणि ओले गोणपाट. अशा ओलीत त्वचा भिजून मऊ पडते, तिथे खाज सुटते, कुत्रा मागच्या पायाने खाजवतो आणि एरवी त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जीवाणू त्या ओरखड्यातून आत शिरतात. सकाळी रुपयाएवढा दिसलेला चट्टा संध्याकाळी तळहाताएवढा होतो, तो याच वेगाने. त्यावर खोबरेल तेल लावले की ओल आत कोंडली जाते. शिवाय कानांत आणि त्वचेच्या घड्यांत वाढणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी स्निग्ध पदार्थांवरच पोसते, म्हणजे तेल लावून आपण तिला जेवूच घालतो. कापूर तर त्वरित थांबवा. तो त्वचेतून आणि चाटण्यातून पोटात जातो, आणि त्याने कुत्र्या-मांजरांना झटके येऊ शकतात. ज्याला पूर्वी एकदा झटका आला आहे अशा कुत्र्याच्या अंगावर तर तो असूच नये.

या चट्ट्याचे काय करावे? सर्वप्रथम त्याच्या भोवतालचे केस कात्रीने नव्हे, मशीनने बारीक कापून घ्यावे लागतात, आणि ते काम दवाखान्यातच व्हावे हे बरे, कारण चट्टा वरून दिसतो त्यापेक्षा केसांखाली जवळजवळ नेहमीच मोठा असतो आणि तो चांगलाच दुखरा असतो. इतका की मायाळू शेरूही तोंड फिरवून चावू शकतो. दवाखान्यात जाईपर्यंत, एक लिटर पाणी उकळून गार करून त्यात चहाचा सपाट दीड चमचा मीठ विरघळवावे, स्वच्छ कापड त्यात भिजवून पाच मिनिटे चट्ट्यावर ठेवावे, नंतर कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये, आणि दिवसातून तीन वेळा असे करावे. मान नरसाळ्यासारख्या कॉलरमध्ये ठेवली तर मागचा पाय गालापर्यंत पोहोचत नाही. ती कॉलर पाहून घरातील सर्वांना वाईट वाटते आणि दुसऱ्याच दिवशी ती काढली जाते, हे मला ठाऊक आहे. कृपया काढू नका. लॅब्रॉडॉरच्या गालावरचा चट्टा पुष्कळदा वरवरचा नसून केसांच्या मुळांपर्यंत गेलेला असतो आणि तेव्हा पोटातून प्रतिजैविक द्यावे लागते. डॉक्टरांना त्याच बाजूचा कान आतून पाहायला आवर्जून सांगा, कारण गालावर खाजवणाऱ्या कुत्र्याचे मूळ दुखणे कानात असल्याचे अनेकदा निघते.

दुकानातून आणलेले मलम कोणते ते आपण लिहिले नाही, पण अशा दुकानांत खाजेसाठी सर्रास हातात दिले जाणारे मलम स्टेरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि प्रतिजैविक यांचे मिश्रण असते. त्याने दोन दिवस लाली उतरते आणि आपण खूश होतो; पण स्टेरॉइडमुळे त्वचेची प्रतिकारशक्ती दबते, कुत्रा ते चाटतो आणि पुढे तपासणीत खरे कारण सापडणे अवघड होते. ते बंद करा, आणि ट्यूब दवाखान्यात सोबत न्या. गुलाबी कॅलामाइनही लावू नये. त्यातील झिंक ऑक्साइड चाटून पोटात गेले की अपाय होतो.

आंघोळीविषयी मी उगाच कठोर वाटू नये म्हणून सांगतो, आंघोळ वाईट नाही. निरोगी लॅब्रॉडॉरला तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, आणि त्वचेच्या आजारात क्लोरहेक्झिडिनसारखे औषध असलेल्या शाम्पूने आठवड्यातून दोनदाही घालावी लागते. फरक पद्धतीचा आहे. कुत्र्याच्या त्वचेचा वरचा थर माणसाच्या मानाने पातळ असतो आणि तिचा आम्ल-अल्कली समतोलही निराळा असतो, त्यामुळे आपले साबण, विशेषतः जंतुनाशक साबण आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखे पांढरे होणारे द्रावण, तिचे रक्षक तेल धुऊन टाकतात. औषधी शाम्पू फेस करून दहा मिनिटे अंगावर ठेवावा लागतो. घड्याळ लावून दहा मिनिटे, अंदाजाने नव्हे, कारण अंदाजाची दहा मिनिटे साधारण तीन मिनिटांची असतात. मग भरपूर पाण्याने धुऊन, लोकर मुळापर्यंत कोरडी होईपर्यंत टॉवेल आणि पंखा. पांढऱ्या होणाऱ्या त्या द्रावणांत फेनॉल वर्गातील रसायन असते, जे मांजराला सोसत नाही. मनीच्या वावराच्या फरशीवरही फिनाइल आणि ते द्रावण वापरू नका, कारण ती पंजे चाटते.

केस पूर्ण कापू नका. तो दुहेरी थर थंडीप्रमाणे उन्हापासूनही त्वचेचे रक्षण करतो. तो काढला की त्वचा उन्हाला थेट उघडी पडते आणि काही कुत्र्यांत केस पुन्हा एकसारखे येतही नाहीत. त्याऐवजी रोज दहा मिनिटे विंचरून आतली सुटलेली लोकर काढून टाका. उन्हाळ्यात ती पिशवीभर निघते, आणि ती निघाली की हवा त्वचेपर्यंत पोहोचते.

शेपटीच्या बुडाशी चावणे ही मात्र वेगळी खूण आहे, आणि माझ्या मते आपल्या घरातील बहुतेक सगळ्या गोष्टी तिथून सुरू झाल्या आहेत. कुत्रा पाठीच्या मागच्या तिसऱ्या भागावर, शेपटीच्या वर, मांड्यांच्या मागे चावत असेल, तर पहिला संशय पिसवांचा. ‘पण एकही पिसू दिसली नाही,’ असे आपण म्हणाल. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला एक-दोन चावेसुद्धा आठवडाभर खाजवायला पुरतात, आणि चावत राहणारा कुत्रा त्या स्वतःच गिळून टाकतो. पिसूऐवजी तिची विष्ठा शोधा. बारीक दातांच्या फणीने शेपटीच्या बुडाचे केस विंचरा, फणीत येणारे काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. ते विरघळून तांबडी-तपकिरी कड पसरली, तर ते पचलेले रक्त आहे. नुसती माती असेल तर तांबडे काही होणार नाही. मनीवरही हेच करा. तिच्या पाठीवर हाताला लागणाऱ्या, बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या आणि चाटून चाटून विरळ झालेले पोटावरचे केस ही मांजरातील पिसवांच्या ॲलर्जीची अगदी नेहमीची लक्षणे आहेत. मांजर आपल्यासमोर खाजवत नाही, आडोशाला बसून चाटते, म्हणून घरच्यांना वाटते की केस ‘आपोआप’ गेले. दोघांच्याही अंगावर बहुधा एकाच जातीची पिसू आहे. तिचे शास्त्रीय नाव मांजराचे असले तरी ती कुत्र्यावरही तितक्याच आनंदाने राहते.

पिसू अंगावर दिसते तो तिच्या पसाऱ्याचा लहानसा भाग. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, ती केसांतून घरंगळून अंथरुणात, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्याखाली पडतात. त्यांतून अळ्या निघतात, अळ्यांचे कोष होतात, आणि कोषातल्या पिसूला कोणतेही घरगुती फवारणीचे औषध नीट पोहोचत नाही. उपचार सुरू केल्यावर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा पिसवा दिसल्या की लोक म्हणतात, औषध लागू पडले नाही. वास्तविक त्या कोषातून नव्याने बाहेर पडलेल्या असतात. म्हणून उपचार सलग किमान तीन महिने, घरातील दोन्ही प्राण्यांवर, एकही मात्रा न चुकवता करायचा असतो. एकावर केला आणि दुसरा सोडला तर पैसे वाया गेले असे समजा.

गोचिडींचा मुक्काम आणखी चिवट असतो, आणि त्यासाठी मी आपले लक्ष त्या गोणपाटाकडे वेधतो. घराघरांत आढळणारी कुत्र्याची तपकिरी गोचीड अंडी घालण्यासाठी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढते आणि फटीत, दाराच्या चौकटीमागे, कूलरच्या स्टँडखाली, गोणपाटाच्या विणीत हजारो अंडी घालते. अळी, त्यानंतरची अवस्था आणि प्रौढ गोचीड अशा तिन्ही टप्प्यांवर ती रक्त पिऊन पुन्हा पुन्हा खाली उतरते आणि प्रौढ गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरते. शेरूचे दमट गोणपाट तिच्यासाठी घरकुलच आहे. ते जाळून टाका. त्याच्या जागी धुता येईल अशी सुती चादर दुपदरी घालून द्या, दर तीन दिवसांनी कढत पाण्यात धुवा आणि गच्चीवर वाळत घाला. अकोल्याच्या मे महिन्यातील उन्हाचा एवढा एक उपयोग तरी करून घ्यावा. फरशीच्या व भिंतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटने बुजवा. कीटकनाशकाची फवारणी करून घ्यायची असल्यास फवारणाऱ्याला घरात मांजर आहे हे आधीच सांगा आणि फरशी पूर्ण वाळेपर्यंत मनीला घरात आणू नका. अंथरुणात डांबरगोळ्या ठेवणे, गोचिडीवर रॉकेल टाकणे किंवा उदबत्तीचा चटका देणे हे सर्व प्रकार सोडून द्या. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ, सावकाश ओढावी आणि साबणाच्या पाण्यात टाकावी. बोटांत चिरडू नये.

गुरांच्या सुईबद्दल आपले मन धजले नाही हे उत्तम झाले. ती बहुधा आयव्हरमेक्टिनची असते. जनावराच्या शेकडो किलो वजनासाठी बनवलेल्या त्या तीव्र द्रावणात कुत्र्याची मात्रा थेंबांनी चुकते, कोली जातीच्या आणि त्यांच्या संकराच्या अनेक कुत्र्यांना ते आनुवंशिक कारणाने सोसतच नाही, आणि पिसवांवर त्याचा भरवशाचा उपयोगही नाही. आणि झटक्याची गोष्ट, जी आपण पत्रात ओघात लिहून गेलात, ती डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. पिसवा आणि गोचिडींसाठी हल्ली दिल्या जाणाऱ्या चघळायच्या गोळ्या, म्हणजे फ्लुरालानर, अफॉक्सोलानर, सारोलानर या गटातील औषधे, फार प्रभावी आहेत आणि बहुतेक कुत्र्यांना सुरक्षित आहेत. पण ज्याला पूर्वी झटका आला आहे त्याच्या बाबतीत ती देताना सावधगिरी सांगितलेली आहे. शेरूला ती द्यायची की दुसरा पर्याय निवडायचा हा निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा. मनीसाठी सेलामेक्टिनसारखे, मांजरासाठीच बनवलेले आणि तिच्या वजनाचे औषध लिहून घ्या, आणि वेष्टनावर मांजराचे चित्र व वजनाचा पल्ला पाहूनच ते विकत घ्या.

मनीच्या कानांची लाल टोके मला वेगळी काळजी लावतात. पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या कडांवर केस विरळ आणि रंगद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे उन्हाने त्या भाजतात. आधी लाली, मग पापुद्रा, मग न भरणारी खपली असा क्रम वर्षानुवर्षे चालला, तर तिथे त्वचेचा कर्करोग होतो. मनीला सकाळी दहा ते दुपारी चारपर्यंत गच्चीवर व उन्हाच्या खिडकीत बसू देऊ नका. आपले ऊनरोधक मलम तिला लावू नका, ती ते चाटणारच. कानातील किड्यांनीही कडा लाल होतात, त्यामुळे डॉक्टरांना कान आतूनही दाखवा. आणि दोन आठवड्यांत न भरलेली खपली ही पुन्हा दाखवण्याची गोष्ट आहे असे समजा.

मुलाच्या दंडावरील गोल चट्टा मांजरांच्या अंगावर राहणाऱ्या बुरशीचा, म्हणजे आपण ज्याला नायटा म्हणतो त्याचा असू शकतो. तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, घरात मांजर असल्याचे सांगा, आणि त्यावरही ते मिश्र मलम लावू नका. त्याने नायटा वरून दबतो आणि आतून पसरतो. मनीच्या विरळ झालेल्या जागेवरचे केस बुरशीच्या तपासणीसाठी देता येतात. तिचा नायटा निघाला तर घाबरण्याचे कारण नाही, पण वरचा पिसवांचा उपचार एकट्याने पुरणार नाही.

आहाराचे थोडक्यात सांगतो. अन्नाची ॲलर्जी असती तर ती पाडव्याला उगवून दिवाळीला मावळली नसती. ती बारमाही असते. चिकन बंद करण्याचे कारण मला दिसत नाही, उलट दूध-पोळीवर ठेवलेल्या कुत्र्याला प्रथिने कमी पडतात आणि केस व त्वचा प्रथिनांचीच बनलेली असते. हाडे काढलेले, मीठ-मसाला व कांदा-लसूण न घातलेले उकडलेले चिकन पुन्हा सुरू करा. ताकाने काही बिघडणार नाही आणि काही बरेही होणार नाही. फिरायला पहाटे किंवा दिवस मावळल्यावर तासाभराने न्या, आणि निघण्यापूर्वी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. आपल्याला सोसले नाही तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. कूलर बंद करायला मी सांगत नाही, अकोल्यात तसे सांगणे हा क्रूरपणा ठरेल. फक्त शेरूची जागा झोतातून आणि टाकीच्या ओलीतून बाजूला, पंख्याखाली करा.

दवाखान्याचा प्रश्न असेल, तर आपल्याच शहरात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची पदव्युत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कानातील मळाची तपासणी आणि रक्ताची चाचणी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय कोणतेही ‘खाज थांबवणारे’ इंजेक्शन स्वीकारू नका, मग ते कोणीही सुचवो. खरवडून पाहिल्याशिवाय खरूज आणि डेमोडेक्स हे सूक्ष्म किड्यांचे आजार ओळखता येत नाहीत, आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने डेमोडेक्स बळावतो.

मनीला माहेरी पाठवू नका. तिच्या अंगावरच्या पिसवा आणि कदाचित नायटाही तिच्याबरोबर तिथे जाईल, आणि इथे शेरूवरचा उपचार चालू असताना ती उपचारांतून सुटेल. तिला तीन दिवस आतल्या खोलीत ठेवा, तिथे तिचे पाणी, अन्न आणि मातीचा ट्रे द्या, आणि उद्या सकाळी दोघांना एकाच फेरीत, पण वेगवेगळ्या पिंजऱ्या-दोरीने, दवाखान्यात घेऊन जा. सोबत ती अर्धी नळी आणि मलम न्या, आणि शेरूला नळीतले औषध कोणत्या दिवशी टाकले ती तारीख कागदावर लिहून ठेवा. डॉक्टर ती विचारतील.